पेगीची पिशवी आणि शेजारचा डिझेल

कॅराबिनच्या टेकडीवर उन्हाळा लागला की ग्लेनिस पास्को दाराशी एक लाल पिशवी भरून ठेवी. स्वतःसाठी नव्हे, पेगी मांजरीसाठी. पेगीच्या थायरॉइडच्या गोळ्या, सार्डिन माशांचे डबे, पाणी, वाडगा, एक जास्तीचा लांब पट्टा, असं सगळं त्यात असायचं. शिवाय एक जाड लोकरीचं कांबळं, कारण लोकर सहजासहजी पेट घेत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वणव्यात पेगी कपाटामागे दडून बसली होती आणि तिला बाहेर काढता काढता ग्लेनिसच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून पेगीचं जेवण पिंजऱ्यातच वाढलं जाई.

"मांजर निघाली कुठे, सिडनीला?" असं लोक विचारत.

शेजारचा डॅरिल तेवढंही विचारत नसे. त्याच्या डिझेल नावाच्या दांडग्या कुत्र्याने ग्लेनिसच्या चार कोंबड्या फाडल्या होत्या. तिने नगरपालिकेत तक्रार केली, त्याने सहा फुटी पत्र्याचं कुंपण घातलं. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

फेब्रुवारीतल्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, त्या दुपारी उत्तरेचा वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा येत होता. रेडिओवर आधी नुसता इशारा होता. मग आवाज बदलला: कॅराबिनच्या रहिवाशांनी ताबडतोब निघावं. ग्लेनिसने पिंजऱ्यात मासा ठेवला, पेगी आत गेली, दार लागलं. पिंजरा पुढच्या सीटवर, त्यावर चादर, पिशवी पायाशी. ती गाडीची किल्ली फिरवणार एवढ्यात फोन वाजला.

"ग्लेनिस, मी डॅरिल बोलतोय."

"कोण डॅरिल?" तिला पक्कं ठाऊक होतं.

"अहो, शेजारचा! मी खाली नाक्यावर अडकलोय. पोलीस वर सोडत नाहीत. डिझेल मागे साखळीला आहे." त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही त्याला नेऊ नका, मी तसं म्हणतच नाही. फक्त साखळी सोडा. त्याचा तो बघेल."

ग्लेनिसने आरशात पाहिलं. निलगिरीच्या रांगेमागचं आभाळ तांबूस काळं झालं होतं.

"सुटलेलं कुत्रं घाबरून कुठे पळतं माहितीये तुला? सरळ आगीत," ती म्हणाली आणि फोन सीटवर टाकला.

गाडीची खिडकी बोटभर उघडी ठेवून ती पिशवी खांद्याला अडकवून धावली. डॅरिलच्या मागच्या अंगणात नुसतीच ताणलेली साखळी दिसली. तिचं दुसरं टोक घराखाली गेलं होतं. घर लाकडी खांबांवर उभं होतं आणि डिझेल त्यातल्या एका खांबाला साखळीचे वेढे घालून कोपऱ्यात जाऊन बसला होता. ग्लेनिस गुडघ्यांवर बसली तसा तो गुरगुरला.

"हो हो, मलाही तू आवडत नाहीस," ती म्हणाली. "चल."

तिने डबा फोडून मासे पुढे फेकले. त्याने वासही घेतला नाही. राखेचे तुकडे अंगणात उतरू लागले होते. ती पोटावर सरपटत आत शिरली. खांबाजवळ साखळीचे दोन तुकडे जोडणारा आकडा गंजून घट्ट झालेला. बोटांनी तो हलेना. आता उरला गळपट्टा, म्हणजे हात थेट दातांशी. तिने कांबळं मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळलं आणि हात पुढे केला.

डिझेलने झडप घातली. दात लोकरीत रुतले, हाडापर्यंत कळ गेली. ग्लेनिसच्या तोंडून शिवी निघाली, पण दुसऱ्या हाताने तिने आधी जास्तीच्या पट्ट्याचा फास त्याच्या मानेत अडकवला, मग गळपट्ट्याची कडी उघडली. कुत्रं काही कांबळं सोडेना. तोंडात आलेली ती एकच गोष्ट त्याने जिवाच्या आकांताने धरून ठेवली होती. तिच्या लक्षात आलं, सोडायलाच नको. ती कांबळं ओढत उलटी सरपटत निघाली आणि त्याला धरून डिझेलही घसरत बाहेर आला.

गाडीच्या मागच्या सीटवर त्याला ढकलताना कुंपणापलीकडचं एक झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकदम पेटलं. तिने वळून पाहिलं नाही.

उतारावर समोरचं काही दिसेना. दिवे लावून ती रस्त्याच्या पांढऱ्या रेघेवरून हळूहळू निघाली. टपावर गारा पडाव्यात तशा ठिणग्या वाजत होत्या. चादरीखाली पेगी घशातून एकच लांब सूर काढत होती. डिझेलचा मात्र आवाज नव्हता. आरशात फक्त तोंडात कांबळं धरलेलं त्याचं डोकं दिसत होतं, थरथरणारं. पुढे धुरातून अग्निशमन दलाच्या गाडीचा लाल दिवा दिसला आणि कोणीतरी हात हलवून तिला पुढे काढलं.

टेकडीखाली फुटबॉलच्या मैदानावर माणसं, घोडे, बकऱ्या, सगळ्यांची एकच गर्दी होती. डॅरिल धावत आला. दार उघडून त्याने डिझेलच्या मानेत तोंड खुपसलं आणि भर मैदानात हुंदके देऊन रडला. ग्लेनिस दुसरीकडे बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने त्याला तिचा सुजलेला हात दिसला.

"चावला?"

"नाही, हस्तांदोलन केलं."

"मी फक्त साखळी सोडा म्हणालो होतो हो..."

"ऐकलं मी ते. पाणी पाज त्याला. वाडगा पिशवीत आहे."

संध्याकाळी वारा फिरला. डॅरिलच्या घराचे खांबसुद्धा उरले नाहीत. ग्लेनिसचं घर काळवंडलं, पण उभं राहिलं. का, ते कोणालाच सांगता आलं नाही. डॅरिलला शहरात भावाकडे खोली मिळाली, पण तिथे कुत्रं चालत नव्हतं. तो टोपी हातात घेऊन ग्लेनिसच्या पायरीशी आला आणि पावसाविषयी बोलू लागला.

"त्याचं खाणं तू आणायचं," तीच म्हणाली. "आणि दर रविवारी येऊन त्याला आंघोळ घालायची. मला नाही जमणार."

हिवाळ्यात डॅरिलला कुत्रं चालेल असं घर मिळालं, तोपर्यंत डिझेल तिच्या ओसरीवर राहिला. पेगीने तेवढे महिने फ्रीजच्या डोक्यावर काढले आणि खाली उतरली ती फक्त जेवायला.