सातापर्यंत शिकलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नाही, पोटाचा. तेही माणसाच्या नाही, घोडीच्या. हसून घ्या, मी थांबतो.

झालं? मग ऐका. खोगीर घोडीच्या पाठीवर नुसतं ठेवलं तर राहत नाही, खालून आवळावं लागतं. त्यासाठी आम्ही दोघं भाऊ. पुढे छातीशी असतो तो तंग, माझा थोरला. मागे थेट पोटाशी असतो तो मी. चढ-उतारावर खोगीर पुढे-मागे सरकू नये म्हणून मला ठेवलंय. थोरला भलताच गुणी. जिथे बांधाल तिथे गप्प. खोगीर मला रोज सुनावायचं, "त्याच्याकडून काहीतरी शीक." मी कशाला शिकतोय!

तसं माझं शिक्षण सातापर्यंत झालंय, कारण मला भोकंच सात. टोकाकडून मोजायचं. एक म्हणजे सैल, सात म्हणजे आवळून आवळून जीव जायची वेळ. त्यापुढे चामडं सपाट, शाळा बंद. ज्या म्हाताऱ्यानं मला बनवलं तो आरीनं एकेक भोक पाडताना विचारायचा, "लागलं का रे?" मी सहा वेळा गप्प बसलो. सातव्याला ओरडलो म्हणून त्यानं थांबवलं, असं मी सगळ्यांना सांगतो. थोरला म्हणतो, आरी मोडली होती.

म्हाताऱ्याच्या दुकानातून मला आणलं सुईणमावशीनं. ती वरच्या डोंगरातल्या घरांमध्ये बाळंतपणं करायला जाते. थंडीत बर्फ पडला की गाड्यांची चाकं थांबतात, पोरं जन्मायची थोडीच थांबतात? म्हणून घोडी. मावशी अशी हुशार की रस्त्यानं चाललेल्या बाईची चाल बघूनच कितवा महिना ते सांगते. एकदा तर एका बाईला स्वतःला कळायच्या आधी हिनं सांगितलं होतं!

घरात मावशीचे सासरे, म्हणजे मामंजी. आधी गाडीवान होते. आता तबेल्याचे राजे. ते सुनेशी भांडल्याशिवाय चहा पीत नाहीत आणि सुनेनं केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

आणि आमची घोडी, फुगाबाई. हे नाव कसं पडलं, ते माझं खरं कर्तृत्व.

आम्हाला आवळायला घेतलं की मी हळूच म्हणायचो, "अजून थोडं, अजून थोडं," आणि ही श्वास भरून पोट टम्म फुगवायची. आवळणाऱ्याला वाटायचं, बसला घट्ट. माणूस वर चढला की ही हळूच फुस्स करायची. मी सैल, थोरलाही नाइलाजानं सैल, आणि खोगीर निघालं फिरायला. शाळेच्या मास्तरांनी एकदा तिला मागून नेलं होतं. पुलापाशी ते खोगिरासकट गोल फिरले आणि तिच्या पोटाखाली लटकले. टोपी बर्फात, चष्मा मिशीवर. तशाच अवस्थेत त्यांनी घोडीला विचारलं, "हे काय चाललंय?" वर्गात विचारतात ना, अगदी तसंच! मी आठवडाभर हसत होतो.

पण त्या दिवसापासून घरात एक सवय लागली. पट्टा ओढायच्या आधी फुगाबाईच्या पोटाला गुडघा द्यायचा. धप्प. श्वास सुटला की ओढायचं. तिला काही फार लागायचं नाही, पण कान मागे जायचे. हे आमच्या गमतीमुळे आलंय हे मला कळत होतं. मी त्याचा जास्त विचार करत नव्हतो, एवढंच.

थंडीतली आमची तयारी एकदा बघाच. लगामाची लोखंडी कडी बाहेरच्या गारठ्यातून तशीच घोडीच्या तोंडात घातली तर जीभ चिकटेल. म्हणून मामंजी ती आधी स्वतःच्या काखेत धरतात. धरताना असे किंचाळतात की कोंबड्या उडतात. मग खुरांना आतून चरबी, म्हणजे बर्फाचे गोळे अडकत नाहीत. नालेला टोकदार खिळे, म्हणजे पाय घसरत नाही. मग पाठीवरची झूल काढायची, खोगीर चढवायचं, आणि शेवटी आम्ही. चामड्याला थंडीत तेल लागतं, नाहीतर ते कडक होतं. पण या वर्षी मामंजींना माझी दया आली. म्हणाले, "बिचारा गारठतो," आणि मला चुलीजवळच्या खुंटीवर टांगलं. तेल द्यायचं राहिलं. मी मजेत शेकत बसलो आणि पापडासारखा होत गेलो.

आता गणित. उन्हाळ्यात फुगाबाई पाचव्या भोकावर बसते. थंडीत अंगावर दाट केस येतात, म्हणून चौथ्यावर. या थंडीच्या सुरुवातीला ती तिसऱ्यावर आली.

"केस वाढलेत," मामंजी म्हणाले. "यंदा थंडी कडक आहे, जनावराला आधी कळतं."

"केस कसले! नाटकं करतेय," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही चोरून गूळ देता, तो कुठे जातो?"

"मी? गूळ?"

"मिशीला लागलाय."

त्या दिवशीच्या फेरीत उतारावर मला आतून कोणीतरी ढोसलं. म्हणजे खरंच. घोडीच्या पोटाच्या आतून, एक छोटीशी लाथ. मी थोरल्याला म्हटलं, "अरे, आत कोणीतरी आहे." तो म्हणाला, "गॅस असेल." मी म्हटलं, "गॅसला पाय असतात का?" तो म्हणाला, "तुझ्या गप्पांवर कोण विश्वास ठेवणार?"

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. गेल्या वसंतात गिरणीवाल्याचा काळा घोडा कुंपण ओलांडून दोन दिवस आमच्या कुरणात पाहुणा होता. त्याला परत नेताना गिरणीवाल्यानं विषय वाढवला नाही, आणि आमच्याकडेही कोणी विचारलं नाही.

मग तीन आठवडे बर्फ पडत राहिला. कुठे जाणं नाही, येणं नाही. तबेल्यात फुगाबाई केसांच्या गोळ्यासारखी उभी, वरून झूल. तिच्याकडे बघून कोणाला काय कळणार?

बर्फ थांबला त्या सकाळी लाकूडतोड्या धापा टाकत आला. भुवया पांढऱ्या झालेल्या, हातमोजा एकच.

"मावशी, चला. बायकोला पहाटेपासून कळा येतायत."

"पहिलटकरीण आहे, अजून वेळ आहे," मावशी म्हणाली. पण बोलता बोलता तिनं पिशवी भरलीसुद्धा. "मामंजी, घोडी!"

कडी काखेत गेली, कोंबड्या उडाल्या. चरबी झाली, खोगीर चढलं. थोरला कसाबसा बसला. मग मावशीनं मला ओढलं. मी दुसऱ्या भोकावर अडलो.

"दुसरं!" मावशी चिडली. "बघा, केवढा श्वास धरलाय! आज नाही हं, फुगाबाई. आज तिकडे बाई अडलीय."

"गुडघा दे," मामंजी म्हणाले. "नीट दे."

नीट दे! मला घाम फुटला असता, पण मी वाळलेला. तो गुडघा माझ्याच गमतीमुळे आला होता, आणि आता बसणार होता आत जो कोणी आहे त्याला. मी ओरडलो, पण पट्ट्याचं ओरडणं म्हणजे नुसती करकर. मावशी म्हणाली, "हाही कुरकुरतोय." तिनं एक पाय उचलला, दोन्ही हातांनी मला चौथ्याकडे खेचलं. चौथं भोक बकलापाशी आलं, आणि मी तुटलो.

थोरला म्हणतो, चामडं वाळलं होतं म्हणून तुटलं. मी म्हणतो, मी तोडलं. तुम्ही कोणाचं ऐकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

गुडघा हवेतच राहिला. मावशी धाडकन मागे, थेट चाऱ्यात. मामंजी इतके हसले की काखेतली कडी खाली पडली.

"हसा! आधी त्याला तेल का नाही दिलं ते सांगा!" असं म्हणत ती उठायला लागली आणि आधाराला तिनं घोडीच्या पोटावर तळहात टेकवला.

आणि तशीच थांबली. अर्धी उठलेली, तोंड उघडं.

"काय झालं? कंबर धरली का?"

"मामंजी, गप्प." तिनं दुसराही हात लावला. डोळे मिटले. बायकांच्या पोटावर हात ठेवते तेव्हा तिचा चेहरा असाच होतो. "इकडे या. कान लावा."

मामंजींनी कान लावला. आतल्यानं त्यांच्या कानाखाली एक सणसणीत लाथ दिली. मला तो तेव्हाच आवडला.

"अगं बाई!" हे मामंजी म्हणाले.

"आठवा तरी असेल," मावशी पुटपुटली.

आठ? आठ म्हणजे काय? माझ्या शाळेत आठ नव्हतं. पण तिच्या आवाजावरून एवढं कळलं की आठ म्हणजे बरंच.

"सूनबाई," मामंजी हळूच म्हणाले, "तू ना रस्त्यावरच्या बाईची चाल बघून महिना सांगतेस?"

"आणि तुम्ही चाळीस वर्षं घोडे हाकलेत ना?"

मावशीनं फुगाबाईचं कपाळ कुरवाळलं. "हीपण पहिलटकरीण. आणि मी बया गुडघा द्यायला निघाले होते."

लाकूडतोड्या दारात पाय बदलत उभा होता. "मावशी, मग आता?"

"आता काय, चालायचं. तू पिशवी घे."

"वर सगळं घसरडं आहे हो."

मावशीनं खाली बघितलं. मी दोन तुकडे होऊन पडलो होतो. तिनं एक तुकडा एका बुटाला तळव्याखालून गुंडाळला, दुसरा दुसऱ्याला. एकाचं बकल खाली, दुसऱ्याची गाठ खाली, बर्फात रुतेल अशी. म्हणजे बघा, घोडी घरी, थोरला घरी, खोगीर घरी, आणि डोंगर चढला मी. पावलापावलाला माझं तोंड बर्फात जात होतं, पण मावशी एकदाच घसरली, आणि तेव्हाही लाकूडतोड्याच्या अंगावर.

दुपारी त्या घरात चुलीशेजारी बुटांसकट मी वाळत होतो. आतून आधी मावशीचा आवाज, "हं, आता, आता!" आणि मग एक नवीन, भलताच चिडका आवाज. मुलगी. लाकूडतोड्या रडता रडता सगळ्यांना चहा वाटत होता आणि त्यानं एक कप माझ्यावर सांडला. बर्फ वितळल्यावर आमच्या तबेल्यातही एक चिडका आवाज आला. शिंगरू. काळं कुळकुळीत. गिरणीवाला बघायला आला आणि टोपी हातात घेऊन बराच वेळ छपराकडे बघत राहिला.

मामंजींनी मला शिवलं. तुटका भाग कापला, शिवणीत भोकं गेली, आणि मी एवढासा उरलो. आता मला चारापर्यंतच येतं. फुगाबाईला मी पुरत नाही, तिच्यासाठी नवा पट्टा आलाय, त्याला नऊ भोकं आहेत आणि तो फार शहाणपणा करतो. पण शिंगराची ही पहिली थंडी. त्याच्या छोट्या झुलीला पोटाखालून बांधायला मीच बरोबर मापाचा. आणि मामंजी दर रविवारी मला तेल देतात, न विसरता. देताना म्हणतात, "लागलं का रे?"

घरात आता गुडघा कोणी देत नाही. पोट फुगलेलं दिसलं की मावशी आधी तळहात ठेवते आणि थांबते. तुमच्याही घरी कोणी फुगून, फुरंगटून उभं असेल तर तसंच करा. हात लावा, जरा थांबा. आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, अगदी सुईणीलासुद्धा.

चला, मामंजी झूल घेऊन येतायत. शिंगरानं मला बघितलंय. त्यानं श्वास भरलाय, पोट टम्म केलंय, आणि चेहरा असा केलाय की जसं काही माहीतच नाही.

शाब्बास रे पठ्ठ्या. अजून थोडं. अजून थोडं…