काडेपेटीएवढा कॅमेरा

वर्षालीने नागपूरहून आणलेला तो कॅमेरा जेमतेम काडेपेटीएवढा होता. वर चंदेरी रंग, खाली तपकिरी चामड्यासारखं काहीतरी, मागे अंगठ्याच्या नखाएवढी काच. बटण दाबलं की जुन्या कॅमेऱ्यासारखा खटका वाजायचा, आणि फोटो निघायचे पिवळट, थोडे पुसट, कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असलेले.

"ताई, तुह्या वाढदिवसाचं," म्हणत तिने तो थोरल्या बहिणीच्या, नंदिनीच्या तळहातावर ठेवला. "नागपुरात सगळ्या पोरींच्या बॅगले हेच लटकून राह्यते."

नंदिनीने तो किल्ल्यांच्या कडीत अडकवला. ती वडनेरच्या अंगणवाडीत सेविका. पोरांच्या वजनाचा फोटो, खिचडीचा फोटो, बायकांच्या बैठकीचा फोटो, सगळं मोबाइलमधून वर पाठवावं लागे. त्यामुळे तिने मोबाइल काढला की बाया पदर सावरून भिंतीसारख्या ताठ उभ्या राहत.

हा कॅमेरा बघून मात्र त्या हसल्या. रविवारी ती कापसाच्या वावरात गेली, तेव्हा कापूस वेचणाऱ्या मनकर्णाबाईंनी तो चिमटीत धरून कानाशी हलवून पाहिला.

"याचा फोटो कुठी जाते वं?"

"कुठीच नाई जात, काकू. याच्यात इंटरनेटच नाई. आतल्या आतच राह्यते."

"मंग काढ माहा एक. दात पडल्यापासून कोणी काढलाच नाई."

त्या दिवशी कोणी पऱ्हाटीच्या झाडांत बसकण मारून बिडी ओढताना फोटो काढून घेतला, कोणी नवऱ्याचा शर्ट साडीवर चढवून कमरेवर हात ठेवून. मग एकेक जण त्या नखाएवढ्या काचेत डोळे बारीक करून स्वतःला शोधायची. पुसट दिसतो म्हणूनच बरा, असं कोणीतरी म्हणालं. सुरकुत्या दिसत नाहीत.

सगळ्यांत मागे रीता उभी होती. मनकर्णाबाईंच्या बहिणीची ही पोर मार खाऊन नवऱ्याचं घर सोडून आली होती. ती इथे आहे हे गावाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. महिनाभरात नंदिनीने तिला हसताना पाहिलं नव्हतं. पण त्या खेळण्याचा खटका ऐकून तिने आपणहून अंबाडा सोडला, कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस मूठभर घेऊन वर उधळला, आणि केसांत अडकलेल्या पुंजक्यांसकट खळखळून हसली. खटका वाजला.

"हा तुह्यापाशीच ठेवजो, ताई," ती लगेच गंभीर झाली. "कोणाले दाखवू नको."

"नाई दाखवत."

दिवाळीला वर्षाली घरी आली. सगळे फोटो पाहून ती हरखली. नागपुरात कागदावर छापून आणते, म्हणाली. बायांना आपापला फोटो हातात मिळेल या आनंदात नंदिनीने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिच्या हाती दिलं. रीताची सगळी हकीकत तिला सांगितली. हा फोटो कोणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही, हे दोनदा बजावलं. वर्षालीने तिच्या गळ्यात हात टाकला. "मी काय परकी हाओ का?"

तीन आठवडे उलटले. फोटो आले नाहीत. एका सोमवारी पोरं जेवत असताना अंगणवाडीच्या दारात एक माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"मॅडम, ही बाई कुठी राह्यते?" त्याने मोबाइल पुढे केला.

स्क्रीनवर रीता हसत होती. केसांत कापूस, कोपऱ्यात नारिंगी तारीख. खाली लिहिलं होतं, 'वडनेर, कापसाच्या वावरात. माझ्या इवल्याशा कॅमेऱ्यातून.' आणि त्याखाली वर्षालीचं नाव. हजारोंनी ते पसंत केलं होतं.

हा रीताचा नवरा, हे नंदिनीने ओळखलं. "मले नाई माहीत," ती कशीबशी म्हणाली.

"काई हरकत नाई. वावरं काई पळून जात नाई."

तो मोटारसायकलवर बसला. पोरांना मदतनीस वच्छलाबाईंच्या हवाली करून नंदिनी आडवाटेने धावत सुटली, पण मोटारसायकलच्या पुढे कोण पोचणार? ती वावरात शिरली तेव्हा त्याने रीताचा दंड पिरगाळला होता आणि तो तिला धुऱ्याच्या बांधाकडे ओढत होता. मनकर्णाबाई आणि आठ-दहा बाया त्याला घेरून उभ्या होत्या. एकीने मोटारसायकलची किल्लीच काढून घेतली होती.

"सोड तिले! नाई तं किल्ली विहिरीत जाईन तुही!"

त्याने हात सोडला, शिव्या दिल्या, किल्ली मिळाल्यावर गाडी चालू करत म्हणाला, "आता पत्ता तं समजला ना."

रीता नंदिनीकडे बघत होती. त्याने तिलाही तो फोटो दाखवला होता. नंदिनीला वाटलं, हिने ओरडावं, माती फेकून मारावी. तिने फक्त केस घट्ट बांधून घेतले. संध्याकाळच्या गाडीने बायांनी तिला गावाबाहेर पोचवलं.

नंदिनीने बहिणीला फोन लावला.

"अवं ताई, नाव थोडीच टाकलं मी तिचं?"

"गाव टाकलं. मी तुले सारं सांगतलं होतं, वर्षाली."

"मले का माहीत तो पाहीन म्हणून? इतका सुंदर फोटो, लपवून काय करतं? काढून टाकते आता. पण लोकं माह्याशी बोलायले लागले, काम द्यायले लागले, ते नाई दिसत तुले?"

"तो फोटो तुहा नोहता."

मग वर्षाली म्हणाली, "कॅमेरा तं माह्याच पैशाचा होता ना."

नंदिनीने फोन ठेवला. लहानपणी हिला कडेवर घेऊन ती शाळेत जायची, स्वतःच्या पाटीवर हिला अक्षरं गिरवू द्यायची. ते सगळं खरं होतं. आणि आज ऐकलेलंही. दोन्ही एकाच पोरीचं कसं, हे तिला उमगेना. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मनकर्णाबाईंच्या घरी गेली. सगळं उघड केलं, काही लपवलं नाही. म्हातारीने ऐकून घेतलं, चहा ठेवला, बसायला पोतं दिलं.

"तू मुद्दाम नाई केलं, समजते मले."

"काकू, रीता कुठी हाय? एकदा भेटू द्या. माफी मागते."

मनकर्णाबाई चहा गाळत राहिल्या. कप तिच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "बरी हाय."

नंदिनी वाट बघत थांबली. पण रीताचा पत्ता न सांगताच त्या वावरात जायला उठल्या.