वीस पावलांवरचे जाळे

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे. लांबी साठ हात, उंची एक पुरुष. भाटघर धरणाच्या काठी शेती करणाऱ्या कुंडलिकांनी एका उन्हाळ्यात मला तयार केले. खालच्या दोरीत त्यांनी शिशाचे मणी ओवले. वरची दोरी तरंगावी म्हणून तिला पत्नीच्या निळ्या चपलांचे तुकडे बांधले.

"चपला कापायच्या आदी एक शब्द तरी इचारायचा!" धोंडाबाई कडाडल्या.

"नव्या घिऊ की," कुंडलिक म्हणाले. त्या त्यांनी घेतल्या नाहीत.

होडी कुंडलिकांची, वल्हे त्यांच्या बालमित्राचे, संपतचे. कुंडलिक मला पाण्यात सोडीत. फाटले की संपत सांधीत. ती तीन वर्षे माझ्या मानाची होती.

चौथ्या वर्षी मेअखेर पाणी फार आटले होते. कुंडलिक एकटेच आले. काठापासून वीस पावले पाण्यात चालत जाऊन त्यांनी मला बुडीत आंब्याच्या खुंटाला बांधले. संपतला जागा सांगितली आणि ते लेकीकडे मार्गासनीला गेले. तिकडे सहा दिवस मोडले. तेवढ्यात वर डोंगरात पाऊस झाला, पाणी चढले, खुंट बुडाला. परतल्यावर त्यांनी पुन्हा काठापासून वीस पावले मोजली. मात्र काठ आता जुन्या जागी राहिला नव्हता. धरणाच्या काठी जन्म गेलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, याचे मला आजही नवल वाटते.

नंतर एकदा त्यांची होडी नेमकी माझ्या डोक्यावर आली.

"जागा फकस्त तुला ठाव व्हती, संप्या."

"म्हंजे? म्या नेलं म्हंतोस?"

"मग काय माशांनी नेलं?"

"ज्याला हातानं ठिगळं लावली, ते जाळं म्या चोरीन व्हय रं?"

मी दहा हात खाली होते. 'मी इथेच आहे' एवढेच मला सांगायचे होते. वर वल्हे होडीत आपटल्याचा आवाज आला. त्या दिवसानंतर संपत त्या होडीत बसला नाही.

पुढची दोन वर्षे पाणी तेवढे खाली उतरलेच नाही. मित्रांनो, नायलॉन कुजत नाही. दोरी खुंटाला घट्ट, पायथा गाळात रुतलेला. मला सुटता येत नव्हते आणि थांबताही येत नव्हते. मासे येत, अडकत, तडफडून मरत. त्यांच्या वासाने दुसरे येत. कोणाच्याही ताटात न जाणारे ते मासे मी नुसतेच धरीत राहिले.

याच काळात प्रगती या शिक्षिकेने गावात 'काठ राखण मंडळ' उभे केले. माशांच्या विणीच्या दिवसांत काठच्या उथळ पाण्यात जाळे टाकायचे नाही आणि वैशाखात घरटी एकाने काठ चालून टाकलेली जाळी, बाटल्या गोळा करायच्या, असे ठरले. संपत मंडळात होता. तरी कुंडलिकांनी चावडीवर उच्चारलेला 'जाळेचोर' हा शब्द पाठीमागे यायचाच. शेवटी त्याने पुण्यात पहारेकऱ्याची नोकरी धरली. सोमवारच्या एसटीने तो गाव सोडणार होता.

त्याआधीच्या रविवारी मंडळ काठ चालत आले. यंदा पाणी पुन्हा तळाला गेले होते. खुंट उघडा पडला होता आणि डबक्यात मी.

"अगं बया! ह्या तर माज्या चपला!" धोंडाबाई ओरडल्या.

सगळे संपतकडे पाहू लागले. माझ्यात एक खडस मासा अजून जिवंत होता. संपतने गुडघ्यावर बसून एकेक धागा सोडवला, मासा पाण्यात नेऊन सोडला आणि मगच मान वर केली.

धोंडाबाई कुंडलिकांना बोलावून घेऊन आल्या. ते गाठीजवळ उभे राहिले. गाठ त्यांचीच होती. मग वर चढलेल्या पाण्याची जुनी रेघ त्यांनी खूप वेळ पाहिली.

"संप्या, म्या पावलं पान्यापास्नं मोजली रं."

"पानी काय तुज्या दारातली म्हस हाय, जागच्या जागी बसायला?"

कोणीतरी हसले. कुंडलिक हसले नाहीत.

"चुकलो."

"हितं नगं सांगू. जिथं मला चोर म्हनलास, तिथं सांग."

"चावडीवर सांगतो. आजच. तू मातुर उद्या जाऊ नगंस."

"आदी सांग तर खरं."

"काका, गाठ सुटत नाहीये," प्रगती म्हणाली. दोघांनी मिळून ती कापली.

सोमवारची एसटी संपतला न घेता गेली. आता मी काठावरच्या करंजाच्या रोपांभोवती कुंपण म्हणून उभे आहे. शेळ्या तोंड घालतात आणि चपलांचे तुकडे चघळून परत जातात. कुंडलिक हल्ली पाण्याबाहेरच्या मोठ्या खडकापासून अंतर मोजतात आणि जाळे सकाळी न चुकता घरी नेतात. मित्रांनो, तुम्हीही आपले जाळे पाण्यात विसरू नका. आणि एखादी वस्तू सापडली नाही, तर माणसाला नावे ठेवण्यापूर्वी आपण कुठून मोजले होते, ते एकदा जाऊन पाहा. मी तीन वर्षे तिथेच होते.