एकाच कार्डावरची मिनिटं

इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्री करणाऱ्या बाईंची लेक त्यांच्याशी भांडून परगावी नर्सिंग शिकायला गेली. ती फोन करेना, आणि बाईंनाही आपणहून करवेना. शेवटी त्यांनी फोनचं कार्ड आणलं, मागची चंदेरी पट्टी खरवडली आणि खालचा नंबर पत्रात लिहून लेकीला धाडला. 'फोन कार्डाचा नंबर' यापलीकडे एक अक्षर लिहिलं नाही. कार्ड स्वतःकडेच ठेवलं. दुकानदार म्हणाला होता, "ताई, मिनिटं कार्डात नसतात, कंपनीकडे असतात. हा नंबर दाबला की कुठल्याही फोनवरून बोलता येतं."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत बाई फाटकाजवळच्या फोनवर तो नंबर दाबायच्या. "साठ मिनिटं शिल्लक आहेत," कंपनीचा आवाज सांगायचा. बाई फोन ठेवायच्या. दहा दिवस साठचे साठच!

अकराव्या दिवशी आवाज म्हणाला, "एक्कावन्न मिनिटं." नऊ मिनिटं पोरगी कोणाशी बोलली? त्यांनी लगेच धाकट्या बहिणीला फोन लावला.

"माझ्याशीच बोलली," बहीण हसली. "आधी तुझ्या गुडघ्याचं विचारलं. मग म्हणते कशी, 'मावशी, आई अजून रागावलीय का गं?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तिलाच विचार. तर रडायलाच लागली. ताई, आता तूच कर ना फोन."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि हॉस्टेलला फोन लावला. तिथल्या कुणीतरी लेकीला हाक मारली.

"कोण बोलतंय?"

"मी गं," बाई म्हणाल्या. "जेवलीस का?"