पाटीताईची अकरा पायऱ्यांची शिडी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, मित्रांनो. माझ्या दोन बाजू फाकवल्या की मी कोणाच्याही आधाराशिवाय उभी राहते. रंगारी लोक मला घोडी म्हणतात. घोडी असूनही मी आयुष्यात एक पाऊलही स्वतःहून टाकलेले नाही, तरीही या शहरातल्या बहुतेक भिंती मला ओळखतात.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. शाळेने काढून टाकलेला एक जाडजूड दरवाजा तिथे पडून होता. त्याच्या फळ्या चिरून सुतारदादांनी मला घडवले, आणि घडवले ते त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. अक्षर असे की बघत राहावे, पण उंची बेताचीच. बाजारातल्या शिडीवर चढताना तिचा गुडघा थेट हनुवटीला टेकायचा. म्हणून इतर शिड्यांना आठ पायऱ्या असतात तिथे सुतारदादांनी मला अकरा दिल्या, अगदी जवळजवळ.

बिजागऱ्या बसवायला आलेला लोहार मला पाहून हसला. "ही काय कोंबड्यांसाठी केलीत?"

"कोंबड्या नाही, मी चढणार आहे," बहीण म्हणाली. "आणि तुम्ही मान वर करून बघणार आहात."

तसेच झाले. तिचे खरे नाव हळूहळू लोक विसरले आणि ती सगळ्यांची पाटीताई झाली. ती खडू लावलेली दोरी ताणायची, टण्णकन सोडायची, आणि भिंतीवर सरळ पांढरी रेघ उमटायची. मग त्या रेघेवर ती शिरोरेषा ओढायची. श्वास रोखून, एका दमात. तेवढा वेळ मीही हलत नसे. माझ्या अंगावर रंगाचे थेंब पडत. निळा थेंब शिंप्याच्या दुकानाचा, हिरवा औषधवाल्याचा, लाल बेकरीचा. पाचसहा वर्षांत माझे मूळ लाकूड दिसेनासे झाले.

एकदा चष्म्याच्या दुकानाची पाटी तिने मुद्दाम बारीक अक्षरांत लिहिली. दुकानदार चिडला. "अहो ताई, हे कोणाला वाचता येणार?"

"ज्याला येणार नाही, तो तुमचं गिऱ्हाईक," ताई म्हणाली.

शेजारीशेजारी असलेल्या दोन धान्यवाल्यांची तर कायमची चुरस. दोघेही तिला हळूच बाजूला घेऊन सांगायचे, माझे अक्षर त्याच्यापेक्षा बोटभर मोठे काढ. तिने दोन्ही पाट्या एकाच मापाने लिहिल्या आणि दोघांना म्हणाली, "आपापल्या दारात उभे राहून बघा बरं!" जवळची पाटी मोठी दिसणारच. दोघेही खूश.

माझे ते दिवस मोठ्या तोऱ्याचे होते, मित्रांनो. लोक मला उसनी मागायला यायचे. नाटकवाले दिवे टांगायला न्यायचे, ड्रॉइंगचे सर शाळेच्या भिंतीवर नकाशा काढायला न्यायचे. परत आणताना सगळे एकच म्हणत, "किती सोयीची आहे हो तुमची शिडी!" ताई लगेच सांगायची, "माझ्या दादाने केलीय." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आणि दर वेळी मला नव्याने आनंद झाला.

मग शहरात छापील पाट्यांचे यंत्र आले. सकाळी सांगितले की संध्याकाळी पाटी तयार, वर मालकाचा हसरा फोटो. त्यात कोणाची चूक होती असे मी म्हणणार नाही. पण ताईला येणारी बोलावणी कमी झाली आणि एक दिवस थांबली. ती घरात बसून कपांवर आणि डब्यांवर नावे रंगवून देऊ लागली. त्या कामाला शिडी कशाला लागते? मी परसात गेले. सुरुवातीला माझ्यावर ओले कपडे वाळत. नंतर भोपळ्याचा वेल चढला. वेलाला माझ्या पायऱ्या फार आवडल्या. मलाही त्याचा राग नव्हता. निदान कोणीतरी वर चढत होते! पण ऊन आणि पाऊस मात्र माझ्या अंगात मुरत गेले, आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही.

एका सकाळी ताई छपराची पन्हळ साफ करायला माझ्यावर चढली. पाचव्या पायरीवर तिने पाय ठेवला आणि पायरी कडकन मोडली. ताई खाली पडली. उजवे मनगट मोडले. जो हात शिरोरेषा ओढायचा, तोच.

सुतारदादा धावत आले. त्यांनी आधी बहिणीचे प्लास्टर पाहिले, मग माझी मोडलेली पायरी लांबूनच पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. "ही शिडी फोडून चुलीत घाल," एवढेच बोलून ते निघून गेले.

ताईने मला चुलीत घातले नाही. पण त्यानंतर बहीणभावाचे बोलणे आटले. भेटले की "बरं आहे ना?" आणि "बरं आहे," एवढेच. दोन वर्षे असेच चालले. भांडण झालेले नव्हते, म्हणून मिटवायलाही कोणी येत नव्हते.

आता या शहरातल्या कलावंत मंडळींबद्दल सांगते. ड्रॉइंगचे सर निवृत्त झाले होते, पण त्यांचे रंग काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. मातीची भांडी घडवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे चाकबाई म्हणत. आणि एक पोस्टमन होते, जे पत्रे वाटून झाली की क्लॅरिनेट वाजवत. असे आणखी दहाबारा जण. कोणाच्या गच्चीवर, कोणाच्या ओसरीवर, जिथे जागा मिळेल तिथे ते जमत आणि घरच्यांच्या शिव्या खात. शेवटी सरांनी बंद पडलेला बर्फाचा कारखाना शोधून काढला. उंच छत, भरपूर उजेड, मोठ्ठी जागा! मालकीणबाईंनी किल्ली दिली, पण अट घातली. "महिनाभर वापरा. लोक आले तर जागा तुमची. नाही आले तर मी ती गोदामाला देणार."

तीन आठवडे झाले. लोक आले नाहीत, कारण आत काही चालले आहे हेच कोणाला कळत नव्हते. बसथांब्यावरून दिसायची ती नुसती करडी भिंत. तिच्यावर दोन छापील फलक लावले, तर समोरच्या मोकळ्या मैदानावरून येणाऱ्या वाऱ्याने दोन्ही फाडले. तेव्हा सर आणि पोस्टमन ताईकडे आले. परसातच बसले, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"भिंतीवरच लिहायचं, ताई. बसथांब्यावरून वाचता यायला हवं. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

"सर, माझा हात आता माझं ऐकत नाही," ताई म्हणाली.

"मग आपण सगळे मिळून त्याची समजूत घालू."

ताई हसली. बऱ्याच दिवसांनी. पण लगेच म्हणाली, "आणि चढू कशी? तुमच्या त्या लोखंडी शिडीवर माझे पाय पोचत नाहीत. माझी घोडी तर मोडून पडलीय."

सर आणि पोस्टमन यांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी ताई बाजारात गेल्यावर दोघे परसात शिरले, भोपळ्याच्या वेलाची माफी मागितली आणि मला पोस्टमनच्या सायकलला आडवी बांधून थेट सुतारदादांच्या कारखान्यात नेले. वाटेत वळणावर माझा पाय एका फुलवाल्याच्या टोपलीत अडकला, पण ते असो.

सुतारदादा रंधा मारत होते. त्यांनी मला पाहिले आणि त्यांचा हात थांबला.

"ही अजून आहे? मी तिला जाळायला सांगितलं होतं."

"तिने जाळली नाही. आता दुरुस्त करून द्या," सर म्हणाले.

"मी नाही हात लावणार. माझ्याच हातून चूक झालीय, सर. त्या पाचव्या पायरीत गाठ होती. मला दिसली होती. तरी म्हटलं, चालून जाईल. माझ्यामुळे तिचा हात गेला."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडले असते! दोन वर्षे हा माणूस बहिणीवर रागावलेला नव्हताच. तो स्वतःवर रागावला होता.

पोस्टमनने शांतपणे मोडकी पायरी खाचेतून उपटून त्यांच्या हातात ठेवली. "नीट बघा तरी एकदा."

सुतारदादांनी चष्मा लावला. पायरी उजेडात फिरवली. गाठ मधोमध होती, दगडासारखी घट्ट आणि शाबूत. पायरी मोडली होती टोकाला, जिथे खाचेत पावसाचे पाणी साचून लाकूड काळे पडले होते आणि नखाने भुसा निघत होता. ते तसेच स्टुलावर बसले.

"ही तर कुजलीय," ते म्हणाले. मग खेकसले, "कोणी ठेवली हिला पावसात?" आणि ते खेकसणे ऐकून आम्हा सगळ्यांना बरे वाटले.

त्यांनी तीन पायऱ्या नव्या घातल्या, सगळे सांधे आवळले आणि मला जवसाचे तेल चोळले. मग दुसऱ्याच्या हाती न देता स्वतःच हातगाडीवर घालून बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी आणले. सरांनी बोलावलेली ताई तिथे भिंतीकडे बघत उभी होती.

"पावसात ठेवलीस," दादा म्हणाले.

"ठेवली," ताई मान खाली घालून म्हणाली. "तू इतक्या मायेने केलीस आणि मी तिचे हाल केले. कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

"मला वाटलं, माझ्या लाकडाने दगा दिला."

"तुझ्या लाकडाने? वेडा आहेस का दादा? वीस वर्षं उभी राहिले मी हिच्यावर!"

"मग आता चढ, बुटके. मी धरतो."

तेवढ्यात जमलेल्या कलावंत मंडळींत जागेच्या नावावरून जुंपली. सरांना सात अक्षरी भारदस्त नाव हवे होते, चाकबाईंना मातीचा उल्लेख हवा होता, पोस्टमनला सुरांचा. ताईने सगळ्यात वरच्या पायरीजवळून खाली बघून विचारले, "बसथांब्यावरून वाचता यायला अक्षर माझ्याहून उंच लागेल. एवढ्या भिंतीत तीनच अक्षरं बसतील. बोला." सगळे बोटांवर अक्षरे मोजू लागले. "मग मी ठरवते," ती म्हणाली आणि दोरी ताणली.

पहिली रेघ वाकडी गेली. तिने ती पुसली, मनगट डाव्या हातात घट्ट धरले आणि पुन्हा ओढली. या वेळी जमली. ताई अक्षराची कड काढी आणि दमली की चाकबाई आत रंग भरत. दिवसभरात फक्त एक अक्षर झाले, आ. संध्याकाळी बसथांब्यावर चर्चा सुरू झाली.

"दातांचा दवाखाना निघतोय. 'आ करा' म्हणतायत."

"छे, आइस्क्रीमचं दुकान असेल."

"अहो, 'आ' आहे, 'आइस्क्रीम'ला केवढी भिंत लागेल!"

दुसऱ्या दिवशी त उमटला आणि माणसे दोन बसगाड्या सोडून तिथेच उभी राहिली. छापील फलक एका क्षणात लागतो. हे मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ताईने शेवटचा काना खाली आणला, दादांनी मला मिटवून बाजूला घेतले, आणि अख्ख्या थांब्याने मोठ्याने वाचले, "आत या!"

आणि लोक खरोखर आत आले. घामेजलेले, पिशव्या घेतलेले, लाजत लाजत. चाकबाईंनी त्यांचे हात मातीत घातले. सरांनी त्यांच्या हाती ब्रश दिले. पोस्टमनला इतके ऐकणारे कधीच मिळाले नव्हते. ते दोनदा सूर चुकले आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मालकीणबाईही आल्या. "मी माणसं मोजायला आले होते," त्या म्हणाल्या. "तीनदा मोजली, तीनदा चुकले. ठेवा जागा. आणि ते चाक मला फिरवता येईल का हो?"

आता मी आतच राहते, कोरड्या कोपऱ्यात. दादा अधूनमधून तेलाचा बोळा घेऊन येतात आणि ताईशी चहावरून वाद घालत माझे सांधे तपासतात. मित्रांनो, माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. जी वस्तू तुम्हाला उंचीवर नेते, तिला पावसात विसरू नका. आणि चुकून विसरलात, मोडलीत, तर ज्याने ती मायेने घडवली त्याला जाऊन सांगा. रागावेल, खेकसेल, पण सांगा. लाकूड दुरुस्त करायला एक दुपार पुरते. न बोललेली दोन वर्षे मात्र कोणत्याच रंध्याने परत गुळगुळीत होत नाहीत.

आज इथे प्रदर्शन आहे. एका बसकंडक्टरने आयुष्यात पहिल्यांदा चित्र काढले आहे, खिडकीतून दिसणाऱ्या झाडांचे. ते टांगायला तो आत्ताच माझ्यावर चढला आहे, आणि पाचव्या पायरीवर थांबून खाली बघतो आहे.

"ताई, पडणार नाही ना मी?"

"चढ रे बिनधास्त," ताई खालून म्हणते आहे. "माझ्या दादाने केलीय."