मोटारीच्या खोलीवरचा पासवर्ड

चारुलताच्या क्लासमधल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल खडूने दोन शब्द कायमचे लिहिलेले असत: 'आधी विचारा'. बाकीचा फळा रोज पुसला जाई, ते दोन शब्द कधीच नाही. जळगावच्या पिंप्राळ्यात एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा क्लास. आठ संगणक, त्यातले चालणारे सहा, आणि दाराबाहेर पाटी: नेटवर्किंग आणि एथिकल हॅकिंगची तोंडओळख. 'हॅकिंग' वाचून माणसं जिना चढत आणि 'एथिकल' तेवढं खाली चपलांबरोबर काढून ठेवत.

ही तिची दहावी बॅच. आधीच्या नऊ बॅचनी तिच्या डोक्याची मंडई केली होती आणि दहावीची लक्षणंही काही वेगळी नव्हती.

"नीट ऐका," त्या सोमवारी ती सांगत होती. "आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा पत्ता. राउटर म्हणजे गल्लीचा पोस्टमन, कोणाचं पाकीट कुठल्या घरात द्यायचं ते त्याला ठाऊक. आणि पोर्ट म्हणजे त्या घराची दारं. पुढचं दार पाहुण्यांसाठी, मागचं गोठ्याकडे जायला, आणि एक बोळातलं, जे लावायचं सगळेच विसरतात. चोर येतो तो त्या बोळातल्या दाराने. एथिकल हॅकरसुद्धा तीच दारं ढकलून बघतो. मग दोघांत फरक काय?"

"त्याला पगार मिळतो," मागून उत्तर आलं.

"त्याला घरमालकाने बोलावलेलं असतं!" चारुलता इतक्या जोरात ओरडली, की खालच्या किराणावाल्याने वर पाहिलं. "मालकाने सांगितलेलं असतं, की बाबा, माझी दारं तपासून दे. तेही कागदावर. एवढाच फरक आहे, बाकी काही नाही."

रतिलालने हात वर केला. रतिलाल मूळचा धुळ्याकडचा, जळगावात बियाण्यांच्या दुकानात कामाला, वय चाळिशीच्या पुढे. वही सगळ्यांत स्वच्छ त्याचीच आणि प्रश्न सगळ्यांत घाण त्याचाच.

"ताई, मनी बायकोना मोबाईल उघडता येई का?"

"तिला विचारलं का?"

"घरनाच मोबाईल शे ना, ताई. घरना माणूसले काय इचारानं?"

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या, आणि चारुलताला राग आला तो त्या मानांचा. तिने पुढची दहा मिनिटं सगळ्यांना फैलावर घेतलं. बाहेरच्याने न विचारता हात घातला तर त्याला निदान चोर तरी म्हणता येतं, घरच्याने घातला तर त्याला म्हणायला शब्दसुद्धा नाही, म्हणून घरच्याने तर आधी विचारायचं, असं तिने घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. रतिलालने ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. मग पेनाला टोपण लावून म्हणाला, "बरं ताई. मंग उघडता येई का नही?"

तिने वर्ग सोडून दिला.

पण रतिलाल परवडला. तिचा सगळ्यांत नापास विद्यार्थी जवळच्या असोदा गावी बसलेला होता आणि तो तिचा बाप होता.

लोटन आबांनी गेल्या वर्षी केळीच्या मळ्यातल्या ठिबकला आपोआप चालणारी पेटी बसवून घेतली. मोटारीच्या खोलीत पेटी, तिला इंटरनेट द्यायला सिमकार्डाचा राउटर, आणि मोबाईलवर बोट ठेवलं की हवा तो व्हॉल, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह, उघडतो, हवा तो बंद होतो. कंपनीचा माणूस पासवर्ड १२३४ ठेवून गेला आणि 'नंतर बदलून घ्या' असं सांगून गेला. आबांनी बदलला तर नाहीच, उलट लाल ऑइलपेंट आणून खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरून वीतभर अक्षरात रंगवला. वर पेटीचा नंबर, त्याखाली १२३४, त्याखाली वायफायचा पासवर्ड. शेजारच्या मळ्यातली माणसं दुपारी त्या भिंतीसमोर निंबाखाली बसून मोबाईल बघत, आणि त्याचं आबांना कौतुक वाटे.

"आबा, पासवर्ड भिंतीवर लिहितात का कोणी?" चारुलताने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला होता.

"मंग कुठी लिहू? कागद हारपतो."

"अहो, कोणीही वाचेल!"

"वाचू दे की. इहिरीले कोनी कुलूप लावतं का?"

तिने हर प्रकारे समजावून पाहिलं होतं. एकदा तर केळीच्याच भाषेत. मोबाईलवरून निघालेला हुकूम एकसंध जात नाही, ती म्हणाली, घडाच्या फण्या कापून आपण वेगवेगळ्या खोक्यांत भरतो तसे त्याचे तुकडे होतात, प्रत्येक खोक्यावर पत्ता असतो, आणि तिकडे पोचले की त्यांचा पुन्हा घड होतो. वाटेत कोणी खोकं बदललं तर?

आबांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि सालदाराला हाक मारली. "नथ्थू, कापेल फन्यांचा पुन्हा घड व्हतो का रे?"

"नही, आबा," नथ्थू म्हणाला.

"चाळीस वर्सं केयी लावतो मी, चारू," आबा समजुतीच्या स्वरात म्हणाले. तिथे तो धडा संपला.

हा नथ्थू अकरा वर्षं आबांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी, होता. तो आणि त्याची बायको भिकुबाई मळ्यातच राहत. मोटार, व्हॉल, पाण्याच्या पाळ्या सगळं त्याच्याकडे, आणि पेटी चालवायचं ॲप आबांखेरीज फक्त त्याच्या मोबाईलवर होतं. ते चारुलतानेच टाकून दिलं होतं.

तर त्या सोमवारी रतिलालने डोकं उठवल्यावर तिने भरदुपारी असोद्याला फोन लावला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली होती आणि उन्हाचा पारा चव्वेचाळीसवर.

"आबा, तो पासवर्ड आजच्या आज बदला."

"आखाजी होऊ दे, मंग पाहू."

"वर्षभर हेच ऐकतेय मी. उद्या कोणी पाणी बंद केलं म्हणजे?"

"कोन करीन, चारू? गावात बठ्ठे आपलेच. ठेव आता, भाकर निवते."

फोन बंद झाला. पालथ्या घड्यावर पाणी! चारुलताचा असा काही जळफळाट झाला, की तिला रिकाम्या वर्गात बसवेना. सगळे आपलेच म्हणे. थांबा, आता दाखवतेच. तिने ॲप आपल्या मोबाईलवर घेतलं. पेटीचा नंबर अख्ख्या गावासारखा तिलाही पाठ होता. नंबर टाकला, १२३४ टाकलं, आणि पिंप्राळ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या असोद्याचा मळा तिच्या हातात आला. सहा व्हॉल, सहा हिरवे ठिपके. विहिरीजवळच्या केळीचा तीन नंबरचा व्हॉल तिने बंद केला. अर्धा तास फक्त. मग फोन करून विचारायचं, "आता पटलं का, आबा?" त्या कल्पनेनेच तिला गार वाटलं. डोक्यावरच्या त्या दोन लाल शब्दांकडे तिने पाहिलंही नाही.

पाचच मिनिटांत पिंप्राळ्यातली लाइट गेली. आली ती दोन झटके देऊन आली आणि सहातला एक संगणक घेऊन गेली. दुपारी सरावाला आलेल्या एका मुलीचं सगळं काम त्यातच होतं, ती रडायला लागली, दुरुस्तीवाला आला, त्याच्याशी हुज्जत झाली. चारुलताला व्हॉल आठवला तेव्हा घड्याळात पावणेपाच वाजले होते. तिने धडपडत तो उघडला. चार तासांनी केळी मरत नाही, तिने स्वतःला सांगितलं. आता आखाजीला गेल्यावर समोरासमोरच सांगू, चांगलं रंगवून. खरं म्हणजे तिला लाज वाटली होती आणि फोन करायचं धाडस झालं नाही, पण हे तिने स्वतःशीही कबूल केलं नाही.

गुरुवारी आखाजी. सकाळीच ती स्कूटरने असोद्याला पोचली. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता, पण त्यावर कोणी नव्हतं. आई, कमलबाई, सांजोऱ्या तळत होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं, माय?"

"नथ्थूचं साल नही केलं यंदा तुझ्या आबांनं."

आखाजीला सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. अकरा आखाज्या नथ्थूचं साल चहाचा कप संपायच्या आत ठरत आलं होतं. "का?" चारुलताने विचारलं.

"सोमवारी पाच वाजता आबा मयात गेले, त विहिरीजवळच्या केयीले पानी नुकतंच सुटेल, जमीन कोरडी ठक्क. मोबाईलात पाह्यलं, त लिहेल व्हतं, व्हॉल बंद केला, बारा चाळीसले, मोबाईलवरून. मोबाईल दोनच. आबांचा त्यांच्या खिशात व्हता." कमलबाईंनी झारा खाली ठेवला. "आबा म्हने, चूक झाली अशीन त सांग, मी काही बोलत नही. नथ्थू म्हने, मी केलंच नही. तीन दिवस हेच चाललं. चुकीचं काही नही वो, चारू, पन अकरा वर्सांत पहिल्यांदा तो खोटं बोलला याचंच लागलं त्यायले."

पेटी कोणाचं नाव लिहीत नव्हती. मोबाईलवरून, एवढंच लिहीत होती. हे चारुलताइतकं नीट अख्ख्या असोद्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात अंगणात नथ्थू आला. मागे फाटकाशी भिकुबाई भांड्यांचं गाठोडं घेऊन उभी होती. आबा बाजेवर बसले होते, सणाचं धोतर नेसून, पण तोंड सुतकी. नथ्थूने मोटारीच्या खोलीची चावी बाजेवर ठेवली. ती चावी अकरा वर्षं दाराशेजारच्या खिळ्याला असे, कोणी ती कोणाला द्यावी-घ्यावी लागली नव्हती.

"एवढी घ्या, आबा," तो म्हणाला. "पन मी नही केलं."

"आबा, पाणी मी बंद केलं होतं," चारुलता दारातून म्हणाली.

आबांनी मान वर केली. मग ती घाईघाईने बोलत सुटली: पिंप्राळ्याहून केलं, तुमच्या १२३४ने केलं, कोणीही करू शकतं हे दाखवायला केलं, अर्धाच तास करणार होते, लाइट गेली, राहून गेलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मले इचारलं व्हतं?"

"नाही."

"तू इचारती, त मी नही म्हनलो असतो? दाखव बंद करून, म्हनलो असतो. मी अन् नथ्थू दोघं तठी उभं राहून पाह्यलो असतो."

"घरचंच होतं, आबा, म्हणून..."

वाक्य तिथेच अडकलं. हे रतिलालचं वाक्य होतं, शब्द तेवढे शहरातले. सोमवारी याच वाक्यावर तिने वर्गाला दहा मिनिटं झोडपलं होतं, आणि त्यानंतर तासाभराच्या आतच स्वतः तो व्हॉल बंद केला होता.

"तुझ्या दाखवन्यापायी मी या मानसाले तीन दिवस खोटारडा म्हनलो," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते उठले, बाजेवरची चावी घेऊन नथ्थूच्या हातात दिली आणि त्याचा हात तसाच धरून ठेवला. "माझं चुकलं, नथ्थू. राह्य."

नथ्थूने फाटकाकडे पाहिलं. भिकुबाईने फाटकाशी गाठोडं खाली ठेवलं, पण गाठ सोडली नाही.

"राह्यतो, आबा," नथ्थू म्हणाला. "पन माझ्या मोबाईलातलं ते काढून टाका. मी व्हॉल हातानंच फिरवीन."

"नथ्थूभाऊ, माझी चूक झाली," चारुलता म्हणाली.

"हाव, ताई," तो म्हणाला. तिच्याकडे न बघताच तो मळ्याच्या वाटेला लागला.

जेवणं झाली. आमरस, सांजोऱ्या, सगळं होतं, आणि कोणी दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. उन्हं कलल्यावर आबा चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन मळ्यात निघाले. चारुलता न बोलावता मागे गेली. आबांनी मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर चुना मारला, तरी लाल अक्षरं खालून दिसत राहिली, म्हणून दुसरा हात मारला, मग तिसरा. नथ्थू तिकडे केळीत वाकून व्हॉल फिरवत होता. मग आबा निंबाखाली बसले आणि खिशातून मोबाईल काढला.

"सांग. कसा बदलतात?"

वर्षभर ज्या प्रश्नासाठी तिने जिवाचं रान केलं होतं तो असा आला. तिने सांगितलं. आधी इथे बोट ठेवा, मग जुना टाका, मग नवा. दहा अक्षरं तरी हवीत. कोणाचं नाव नको, जन्मतारीख नको. आबांनी काहीच दोनदा विचारलं नाही. दहा बॅचमध्ये असा विद्यार्थी तिला मिळाला नव्हता.

"आणि टाकताना कोणाला दाखवायचा नाही," ती सवयीने म्हणाली.

"कोनालेच नही?"

"कोणालाच नाही."

"घरच्याले?"

चारुलताने ओल्या चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं. "घरच्यालासुद्धा नाही, आबा."

आबांनी मान हलवली. मग मोबाईल छातीशी घेतला, तिच्याकडे पाठ करून बसले, आणि एकेक अक्षर सावकाश दाबू लागले.