खाडीकडचा

"पहिली उडी तुमची. बाकी कार्यक्रम नंतर," मॅनेजर म्हणाले आणि हातातलं पेन त्यांनी तलावाच्या खोल टोकाकडे रोखलं. "रविवारी सगळे पालक येणार. त्या वरच्या फळीवरून उडी मारायची, तळाशी रबरी पुतळा ठेवलेला असेल, तो वर काढायचा. लोकांना कळू दे, आपली मुलं कुणाच्या हाती आहेत ते."

"मी?" शिट्टीमामाने विचारलं.

"मग काय मी? मी बुडालो तर तुमचे पगार कोण काढेल?" मॅनेजर स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. ते नवेच होते, सगळ्यांशी हसून-खेळून वागायचं असं ठरवून आलेले. "अहो, तुम्ही खाडीकडचे. तुम्ही लोक चालायच्या आधी पोहता."

शिट्टीमामाही हसला. अशा वेळी हसून घ्यायचं असतं, हे तो फार पूर्वी शिकला होता. पण तळव्यांना असा घाम फुटला की हातातला लांब बांबू निसटायला लागला. मॅनेजर गेल्यावर तो पंपाच्या खोलीत शिरला, दार लोटून घेतलं आणि पालथ्या बादलीवर बसून राहिला.

शिट्टीमामाला पोहता येत नव्हतं.

तलावाचा जीवरक्षक, आणि त्याला पोहता येत नाही. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर तो स्वतःही पोट धरून हसला असता. त्याच्या घरी सगळे होडीवाले, पण पोरांना पोहायला कुणी शिकवत नसे. पोहता येणारा माणूस वादळात आधी होडी सोडतो, असा आजोबांचा हिशेब. होडी वाचली तर सगळे वाचतात, म्हणून सगळ्यांनी होडीलाच चिकटून राहायचं. त्याचा बाप असाच चिकटून राहिला आणि होडीसकट गेला. त्यानंतर आईने पोराला पाण्याच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. सरळ उचलून शहरात मामाकडे पाठवलं.

शहरात 'खाडीकडचा' या शब्दाने त्याला काही कमी छळलं नाही. खोली भाड्याने मागायला गेला की घरमालकीण नाक आक्रसायची, वास येईल म्हणून. कामावर कुणाचा आवाज चढला की माना आधी याच्याकडे वळायच्या, कारण खाडीकडचे पिऊन भांडतात. हा तर चहासुद्धा कमी साखरेचा पिणारा माणूस. अशात एक दिवस तलावावर झाडलोटीचं काम मागायला गेला, तर तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, "कुठले? खाडीकडचे? मग झाडू कशाला धरता, शिट्टी धरा. तुमची काय परीक्षा घ्यायची?" त्या शब्दाने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी देऊ केलं होतं. घरी बायको बाळंतपणाला टेकलेली. त्याने मान डोलावली, आणि तेव्हापासून हे लपवूनच तो कामावर येत होता.

म्हणूनच तो कधी खुर्चीवर बसला नाही. मुलं पाण्यात असेपर्यंत काठाकाठाने येरझाऱ्या घालायच्या, बांबू तयार ठेवायचा, मान जरा खाली गेलेली दिसली की आधी शिट्टी, मग प्रश्न. मुलं वैतागायची. त्यांनीच त्याला शिट्टीमामा केलं. एकदा एक पोरगा घसरून खोल भागात गेला, तेव्हा याने बांबू त्याच्या छातीशी लावला आणि पोराने तो धरला. पोराच्या बापाने याला मिठी मारली. "म्हणतात ते खोटं नाही, खाडीचं रक्त आहे," असं तो चार लोकांत म्हणाला. शिट्टीमामा मान डोलावून पुन्हा काठाने येरझाऱ्या घालायला लागला.

बायकोला हे सगळं ठाऊक होतं. तीही खाडीकडचीच आणि तिलाही पोहता येत नव्हतं, त्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. ठाऊक नव्हतं ते मुलीला. मुलगी याच तलावात शिकली होती, सकाळच्या प्रशिक्षकांकडे, अंधारात उठून, थंडीत दात वाजवत. आता ती स्पर्धांत उतरायची. जिंकली की लोक म्हणायचे, रक्तातच आहे तिच्या. हे ऐकलं की तिचा पारा चढायचा. "मग मी काय इतकी वर्षं झोपून होते?" ती घरी येऊन आदळआपट करायची. "बाबा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना." बाबा मान खाली घालून जेवायचे. "तुम्ही कधीच का उतरत नाही पाण्यात?" असंही तिने विचारून पाहिलं होतं. ड्युटीवरच्या माणसाने कोरडं राहावं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

शनिवारी दुपारी तलाव बंद असताना शिट्टीमामा उथळ भागात उतरला. पाणी कमरेपर्यंत होतं. तरीही काठाची दांडी त्याला सोडवेना. एक पाय उचलला की दुसरा आपोआप फरशी शोधायचा. उद्यापर्यंत काही जमणार नाही हे त्यालाही कळत होतं, पण घरी नुसतं बसवत नव्हतं.

"बाबा?"

मुलगी विसरलेला चष्मा न्यायला आली होती. लहान मुलांना शिकवायला ती प्रशिक्षकांना मदत करायची. पांढरी पडलेली ती बोटं आणि वर ताणलेली ती मान तिने नवशिक्या पोरांत शेकडो वेळा पाहिली होती. तिला काही विचारावं लागलं नाही.

"कधीपासून?" एवढंच ती म्हणाली.

"कधीच येत नव्हतं."

ती काठावर बसली. तिचा चेहरा उतरत गेला, मग लाल झाला. "त्या पोराला वाचवलंत म्हणून मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरले. त्याने बांबू धरला नसता तर?"

"मी उडी मारली असती."

"आणि?"

हा प्रश्न शिट्टीमामाने स्वतःला रोज विचारला होता आणि रोज तो इथेच येऊन अडत होता.

"तुम्ही सांगून टाका साहेबांना. नाहीतर मी सांगते," मुलगी उठत म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती. त्याला त्याचं वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

रविवारी सकाळी तो मॅनेजरांच्या खोलीत गेला. बाहेर खुर्च्या मांडल्या जात होत्या. "साहेब, मला पोहता येत नाही," तो म्हणाला. वाक्य रात्रभर घोकलेलं होतं, म्हणून ते एका दमात बाहेर पडलं.

मॅनेजरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्ची जरा पुढे ओढून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "काल जास्त झाली का?"

"मी पीत नाही, साहेब."

"असू दे, असू दे. मी काही म्हणत नाही. तुमच्या लोकांचं ते चालायचंच. लिंबूपाणी घ्या, तोंडावर पाणी मारा. दहा मिनिटांत सुरू करू."

खाडीकडचा माणूस एक तर मासा असतो, नाहीतर प्यालेला असतो. त्यांच्या डोक्यात तिसरा खणच नव्हता. शिट्टीमामाने पुन्हा तेच वाक्य म्हणून पाहिलं, पण तोवर ते ध्वनिक्षेपक तपासायला बाहेर पडले होते.

पालक बसले. पोहण्याच्या पोशाखात मुलं ओळीने उभी राहिली, त्यांच्या टोकाला मुलगी. मॅनेजरांनी त्याची ओळख करून दिली, पाण्याचा राजा वगैरे, आणि टाळ्या पडल्या. मुलं "मामा, उडी, मामा, उडी" असं ओरडायला लागली. त्याने फळीकडे पाहिलं. क्षणभर खरंच वाटलं, मारावी उडी, जे व्हायचं ते होऊ दे. मग त्याने मॅनेजरांच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला.

"मला पोहता येत नाही. मी कधी शिकलोच नाही."

सगळे खो खो हसले. कुणीतरी शिट्टीही मारली. तो तसाच उभा राहिला आणि हसणं एकेका खुर्चीवर विझत गेलं. तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई मुलाला पोटाशी धरून उभी राहिली.

"म्हणजे माझं लेकरू इतके दिवस कुणाच्या भरवशावर होतं?"

तिचा प्रश्न खरा होता. शिट्टीमामा म्हणाला, "चुकलं माझं, ताई." मागून एक गृहस्थ बोलले, "हे लोक असेच. खोटं बोलणं रक्तातच असतं." आणि बऱ्याच माना डोलल्या. आत्ताआत्तापर्यंत त्याच रक्तात पोहणं होतं. मुलीने त्या गृहस्थांकडे नजर रोखून पाहिलं. तिची शर्यत लागली तेव्हा ती पहिली आली. टाळ्या जेमतेम वाजल्या.

दुपारपर्यंत खुर्च्या उचलल्या गेल्या. मॅनेजरांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. चिडून नव्हे, आपलीच फसवणूक झाल्यासारख्या दुखऱ्या आवाजात. "एवढं मोठं होतं तर आधी सांगायचं होतं हो," असंही ते म्हणाले. शिट्टीमामाने पंपाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो बाहेर आला.

तलावात कुणी नव्हतं. उथळ भागात मुलगी छातीइतक्या पाण्यात उभी होती.

"उतरा," ती म्हणाली.

"आता कशाला? नोकरी गेली."

"नोकरीसाठी नाही म्हणत."

"कपडे?"

"आहेत तसे या."

तो शिडीवरून पाठमोरा उतरला. सदरा फुगून वर आला, तो त्याने दाबून बसवला. ती लहान मुलांना सांगते त्याच सुरात सांगत होती. मान सोडा. पोट वर. वर बघा, माझ्याकडे नको. तिने एक हात त्याच्या मानेखाली दिला, एक पाठीखाली. त्याचे पाय फरशीवरून सुटले.

"हात आहे ना गं खाली?"

"आहे."

काही वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. कान पाण्यात बुडाल्यामुळे तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता, पण येत होता. तो विचारत राहिला, आणि ती दर वेळी तितक्याच शांतपणे "आहे" म्हणत राहिली.